फरदडीची गादी

बुधवारची दुपार. बाकीची परभणी कामावर, आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून हॉलमधल्या फरशीवर आडवा. डावा गाल तेवढा गादीवर. गादी दोन हात लांब, हातभर रुंद. तिच्यावर माझं याहून जास्त काही मावत नव्हतं. रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'घरगुती काम'. 'तान्ह्या बाळाच्या गादीवर गाल टेकवून पडायचं आहे' असं लिहायची हिंमत झाली नाही. साहेबांनी सही करताना नुसतं वर बघितलं. गादी नसली तरी दुपारी माझा डोळा लागतो, हे साऱ्या ऑफिसाला ठाऊक आहे.

"अहो, पाय तरी पोटाशी घ्या," सौ. म्हणाली. "दारातून कुणी बघितलं तर वाटंल, माणूस पडला."

"बोलू नको. बोललं की गाल हलतो."

"मग काय करू? उशाशी दिवा लावू?"

याला 'निजून बघणं' म्हणतात. म्हणजे माझी आई म्हणायची. आता म्हणायला मीच उरलोय. तान्ह्या बाळाची गादी ज्यानं भरली त्यानं ती आधी तीन दुपारी स्वतः निजून बघायची, उघडा गाल टेकवून. बाळाच्या अंगाच्या जवळपास जाणारी मोठ्या माणसाची कातडी कुठली असेल तर ती गालाची, असा तिचा हिशेब. पहिल्या दोन दुपारी जे लागत नाही ते तिसऱ्या दुपारी लागतं, म्हणून तीन. आणि आपला गाल आपल्याला दिसत नाही, म्हणून उठल्यावर बघायला दुसरं माणूस. गालावर एक जरी लाल ठिपका उठला तरी गादी उसवायची. वाद नाही.

हे सगळं सुरू झालं पल्लवीच्या फोननं. पल्लवी आमची मुलगी, पुण्याला असते. तिचं बाळ दीड महिना आधीच आलं आणि पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत राहिलं. मी त्याला एकदाच पाहिलं, तेही काचेबाहेरून. माझ्या तळहाताएवढी पाठ आणि कातडी अशी पातळ, की आत चाललेलं सगळं दिसेल असं वाटून मी नजर काढून घेतली. आता बाळ घरी आलं होतं, वजन धरत होतं, पण अंगाला जरा काही लागलं की लालेलाल. पल्लवीनं मागवलेली फोमची गादी उघडली तर खोलीभर रंगाच्या दुकानाचा वास. चार दिवस बाल्कनीत टाकली, वास हटेना. डॉक्टरांनी सांगितलेलं साधं होतं: सपाट, घट्ट आणि बिनवासाची. तेव्हा फोनवर ती म्हणाली, "पप्पा, आजी शेतातल्या टाकाऊ कापसाच्या गाद्या करायची म्हणता ना बाळांसाठी, त्या कशा असायच्या हो?"

पल्लवीनं मला काही विचारावं, असं आमच्या घरात फार वेळा घडत नाही. मी ताबडतोब म्हणालो, "मी करून ठेवतो. तू ये फक्त."

पलीकडं शांतता. त्या शांततेत माझा सगळा पूर्वेतिहास होता. सोयाबीनच्या भुसकटाच्या मी पाडलेल्या विटा, ज्या बंबात घातल्यावर शेजारचे बादल्या घेऊन धावत आले होते. तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांची, चपला ठेवायची मांडणी, जी पाहुण्यांच्या पहिल्याच जोडाखाली बसली. शेतातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही हे आईचं वेड मी घेतलं, हात मात्र घ्यायचे राहिले.

"पप्पा," ती शेवटी म्हणाली, "बाळासाठी आहे हं."

ते 'हं' तेव्हापासून माझ्या पाठीमागं फिरत होतं. रविवारी ती बाळाला घेऊन दोन महिन्यांसाठी येणार होती.

कापसासाठी मी झरीला गेलो. तिथं आमचं शेत चुलतभाऊ बघतो. फाल्गुनाचे दिवस. सगळीकडं पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळली झाडं, उपटून ढीग लावले होते आणि ढीग पेटवलेले. जळणाऱ्या पऱ्हाटीचा वास लहानपणी ओलसर, कडवट असायचा. आता त्याच्याखाली आणखी एक वास येतो, कृषी सेवा केंद्राच्या दुकानात शिरताना येतो तसला. पहिली वेचणी, दुसरी वेचणी झाली, भाव मिळणारा कापूस घरी गेला, की मागं झाडावर जे राहतं ती फरदड. अर्धी उमललेली, डागी, किडकी बोंडं. हल्ली ती ठेवू नका म्हणतात, अळी वाढते. म्हणून काडी लावतात.

कौसल्यावहिनी, म्हणजे भावाची बायको, अंगणात तूर पाखडत होती. मी विचारलं, "वहिनी, बिनफवारणीची फरदड मिळेल का थोडी?"

तिनं सूप खाली ठेवलं आणि पोट धरून हसली. "बिनफवारणीची? भावजी, आता फवाऱ्याबिगर गवत उगवना, आन् तुमाला कापूस पायजे! काय वाती करायल्यात का?"

"नातवाला गादी करायची हाय."

तिचं हसू थांबलं. "पल्लीच्या? ते आधीच आलं म्हनत्यात ते?"

"हो."

"मग आसं म्हना की." ती उठली. "चला हिरीकडं."

विहिरीच्या बांधावर तिची वांगी, मिरच्या, घेवडा. आणि त्यांच्यामध्ये आपोआप उगवलेली वीस-पंचवीस पऱ्हाटीची झाडं, वेडीवाकडी, डोक्याइतकी उंच. "हितं मी औषध येऊ देत न्हाई," ती म्हणाली. "घरात ह्यातलंच खातो ना आमी. तुमच्या भावाला सांगून ठिवलंय, पंप घेऊन ह्या बांधाकडं आलात तर भाकर बंद. तवापसून लय शहाणे झाले."

मी बोंडं तोडायला लागलो. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी घुसतात. तिसऱ्याच बोंडाला रक्त आलं आणि त्या टोचण्याबरोबर ते सगळे फाल्गुन एकदम अंगावर आले.

शेत मोकळं झालं, की त्यात शेळ्या सोडायच्या. पण शेळ्यांच्या आधी आई शिरायची. कमरेला ओटी बांधून, डोक्यावर पदर, एकटी. दुपारच्या उन्हात वाळली पानं पायाखाली चुरडल्याचा आवाज आणि बोंड फुटल्याचा कट्‌कन आवाज, एवढंच ऐकू यायचं. ती दिसायची नाही, आवाजावरून कळायचं आता कुठल्या काकरीत आहे. संध्याकाळी ओटीतून माळवदावर सांडलेला तो मळका, पिवळट कापूस बघून वडील म्हणायचे, "हे काय, घरटं बांधायलीस का?" आई म्हणायची, "हो. तुमी काड्या आना."

मग किती दिवस माळवद आमच्यासाठी बंद. कापूस उन्हात, वरून जुन्या लुगड्याची जाळी, चारी कोपऱ्यांवर दगड. ऊन खाल्लेल्या कापसाला एक वास असतो, भाजल्या दाण्याच्या आधीचा, नाकाला लागेपर्यंत निघून जाणारा. तो मला आजवर परत कुठं भेटला नाही. वहिनीच्या बांधावरही नाही, आणि मी तर बोंडात नाक खुपसून बघितलं. मग सपाट दगडावर कापूस धरून त्यावर लोखंडी सळई फिरवायची. कापूस पुढं जायचा आणि सरकी मागं उडायची, टक्, टक्. ती वेचायचं काम माझं. म्हशीपुढं टाकली की ती ओल्या आवाजात चघळत राहायची. मग दोन तुराट्यांनी कापूस झोडायचा. आईचे दोन्ही हात असे चालायचे, की तुराट्या दिसायच्या नाहीत, नुसता सप्‌सप् आवाज, आणि ओसरीभर पांढरं तरंगत असायचं. माझ्या भुवया म्हाताऱ्या व्हायच्या. जोंधळ्याच्या धाटाचा भेंड सोलून केलेला चष्मा डोळ्यांवर आणि पांढऱ्या भुवया, असा मी गल्लीतून आजोबासारखा चालत फिरायचो. कडुलिंबाच्या पाल्याची धुरी, त्या धुरीचा वास जाईपर्यंत पुन्हा ऊन. वडिलांचं धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं धोतर. मग आडवे-उभे दाट टाके, कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून. गादी पाटासारखी घट्ट. मऊ गादी बाळाला गिळते, ती म्हणायची.

गल्लीत कुणाच्या घरी दिवस राहिले, की बायका आपापली फरदड आणि जुनं धोतर घेऊन आमच्या ओसरीवर येत. आमच्या घराच्या आतल्या भिंती तुराट्यांच्या, भांडी पऱ्हाटीच्या राखेनं लख्ख. शेतातून जे जे फेकायचं ते आईच्या हातात आलं, की घरात राहायला लागायचं.

एवढं सगळं मला आठवत होतं, म्हणून मला वाटलं जमेल. मंगळवारी गादी झाली. एका अंगाला किंचित जाड, पण गादी. बुधवारी मी निजून बघायला घेतली. ऊन उंबऱ्यावरून सरकून तुळशीपर्यंत जाईस्तोवर हललो नाही. हलावंसं सारखं वाटत होतं. एका गालावर पडलेल्या माणसाला जगातलं काय काय आठवतं ते पडल्याशिवाय कळायचं नाही: गॅस बंद केला का, पाण्याची टाकी भरली का, बाळाला आत्ता कुणी घेतलं असेल. उठलो. सौ.नं गाल बघितला आणि म्हणाली, "अगंबाई."

सगळा गाल लाल. ठिपके ठिपके.

मी कात्री घेतली. एवढ्या दिवसांची शिवण अर्ध्या तासात उसवली. कापूस अंगणात ओतला आणि त्याकडं बघत बसलो. धुरीचं काही राहिलं होतं का? वहिनीच्या बांधावर वाऱ्यानं औषध आलं होतं का? कापड? दोरा? मला बसवेना. गच्चीवर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. तिसऱ्या खेपेला सौ. जिन्यात उभी होती, हातात माझी दाढीची नवी ट्यूब.

"हे कधी आणलंत?"

"परवा. का?"

"उजवा गाल बघा आरशात."

उजवा गालही तितकाच लाल होता. उजव्या गालाला गादी लागलीच नव्हती. निजून बघायचं म्हणून मी सकाळी गुळगुळीत दाढी केली होती, कधी नव्हे ते नवं क्रीम लावून. आईला हा प्रश्न कधी आला नव्हता.

गुरुवारची रजा गादी पुन्हा भरण्यात गेली. शुक्रवारी पहिली दुपार. आता दुपारी मोजून तीन उरल्या होत्या: शुक्रवार, शनिवार, आणि तिसरी नेमकी रविवार. शुक्रवारी मी उठून बसलो, तशी सौ. आतून आली. तिच्या हातात फोन, बहिणीचा निरोप वाचत होती. माझ्याकडं एकदा बघून म्हणाली, "काही नाही."

"नीट बघ."

"बघितलं की."

"तू फोनकडं बघून सांगितलंस!"

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. ती थबकली. एवढ्या वर्षांच्या संसारात मी ओरडलो ते क्रिकेटच्या मॅचला. "एवढं काय झालं?" ती म्हणाली.

काय झालं ते मी तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

आई निजून बघायची ती ओसरीवर, दुपारी. दिवसभरात ती आडवी दिसायची ती तेवढीच. झोपायची नाही, डोळे उघडे, समोरच्या लिंबावर होले घुमायचे ते ऐकत पडायची. मग उठून उजेडाकडं तोंड करून बसायची आणि मला हाक मारायची, "बघ रे." मी तिची हनुवटी धरून, तज्ज्ञ माणसासारखा, गाल इकडून तिकडून बघायचो आणि निकाल द्यायचो, "काही न्हाई." मग ती पदरानं तोंड पुसायची आणि गादी घडी करायची. माझ्या 'काही न्हाई'वर गल्लीतली बाळं झोपत होती.

एका साली आमच्या शिवारात नवं औषध आलं होतं. वारा फिरला की गावापर्यंत वास यायचा. समोरच्या गयाबाईंच्या लेकीचं बाळंतपण होतं; कापूस त्यांच्याच शेतातला. तिसऱ्या दुपारी आईनं हाक मारली तेव्हा मी दारात होतो. बाहेर पोरांनी केलेल्या चिपाडांच्या खेळण्यातल्या बैलगाड्यांची शर्यत लागणार होती, पोरं माझ्या नावानं ओरडत होती. "बघ रे," आई म्हणाली. "काही न्हाई," मी दारातूनच म्हणालो आणि पळालो.

बाळाची पाठ फुलली. आठ दिवस ते बाळ रडत होतं. त्यांच्या घरातलं रडणं आमच्या ओसरीवर ऐकू यायचं. नवव्या दिवशी थांबलं, बरं झालं. पण त्याआधीच आई एका सकाळी समोर गेली आणि गादी काखेत घालून परत आली. अंगणात बसून तिनं ती टाका टाका उसवली. दोरासुद्धा जाळला. मी मार बसायची वाट बघत होतो. सकाळभर, मग दिवसभर. ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं मला रोजच्यासारखं जेवायला वाढलं.

पुढच्या फाल्गुनात बायका फरदड घेऊन आल्या, तेव्हा ती म्हणाली, "आता न्हाई व्हायचं माझ्यानं. डोळे गेले माझे."

तिचे डोळे चांगले होते. जाईपर्यंत ती सुईत दोरा स्वतः ओवायची.

मी थांबलो. सौ.नं फोन पालथा ठेवला. आत जाऊन तिचा जवळचा चष्मा घेऊन आली, मला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं आणि गाल उजेडाकडं वळवला. कानापासून हनुवटीपर्यंत, बोट फिरवत फिरवत, इतका वेळ बघत राहिली की मला लाज वाटायला लागली. "एक तीळ आहे," ती शेवटी म्हणाली. "तो लग्नातही होता. बाकी काही नाही." शनिवारीही तिनं तसंच बघितलं, मी न सांगता.

रविवारी बाराच्या सुमाराला गाडी दारात लागली. पल्लवी उतरली ती वाळलेली, डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी वर बांधलेले. बाळ टॉवेलाच्या गुंडाळीत. सौ.नं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. बाळाला आत आणलं आणि पल्लवीनं गादीकडं बघितलं, मी ती हॉलच्या मध्यावर मांडून ठेवली होती. मी घाईनं म्हणालो, "आज नाही. आजची दुपार राहिलीय अजून. मी निजून बघतो, मग उद्यापासून." आणि सगळं सांगितलं: तीन दुपारी, गाल, क्रीम.

क्रीमला ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. बाळ तिनं सौ.कडं दिलं.

"पप्पा, एवढी वर्षं दाढी करून करून तुमचा गाल झालाय बुटाच्या कातड्यासारखा. त्याला काय कळणार?"

आणि ती खाली बसली, आडवी झाली आणि गाल टेकवला.

आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो, म्हणजे सौ. बसली, बाळाला मांडीवर घेऊन. मी उभा होतो, बसलो, उठलो. पल्लवीचे डोळे मिटले होते. झोप लागली असावी; मला वाटलं, अशीच उठेपर्यंत राहू दे. मग तिच्या कपाळाला आठी पडली. गाल जरा सरकवला. पुन्हा सरकवला. मग उठून बसली आणि बोटानं एका जागी दाबून बघितलं.

"इथं काहीतरी आहे."

मी गुडघ्यावर आलो. दाबलं. मला काही लागलं नाही. पुन्हा दाबलं. लागलं: कापडाखाली, कापसाच्या थराच्या आत, ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं, टणक. तिच्या गालाच्या हाडावर नेमका तेवढाच लाल ठसा होता. तिनं कात्री मागितली, दोन टाके कापले, बोट आत घातलं आणि सरकी बाहेर काढली. एकच, करडी, अजून कापसाचे धागे चिकटलेली. तळहातावर धरली. बाहेर जावई डिकीतून सामान काढत होते, त्याचा तेवढा आवाज.

"मी सगळी उसवतो," मी म्हणालो. "पुन्हा भरतो. चार दिवस दे. नाहीतर राहू दे, बाळाला चादरीवरच—"

"सुई द्या," ती म्हणाली.

तिला टाके घालता येत नाहीत. एक लांब, एक आखूड, तिसरा तिरका. पण घट्ट ओढले. दात लावून दोरा तोडला. मग गादी उलटी केली आणि दुसऱ्या अंगावर पुन्हा गाल टेकवला, आणि ऊन तुळशीपर्यंत जाईस्तोवर उठली नाही. उठल्यावर सौ.समोर बसली. सौ.नं चष्मा लावला. खूप वेळ लावला. मी तिकडं बघितलंच नाही, कॅलेंडरकडं बघत होतो.

"काही नाही," सौ. म्हणाली.

बाळ त्या दुपारपासून गादीवर झोपतं. पाठ बघितली, मान बघितली, मांड्यांच्या घड्या बघितल्या. काही उठलं नाही. मला मात्र चैन नाही. एक सरकी माझ्या नजरेतून आणि बुटाच्या कातड्यासारख्या गालाखालून निसटली, तर आणखी एखादी असेलच की. म्हणून सकाळी बाळाला अंघोळीला नेलं, की मी हॉलचं दार लोटतो, खाली बसतो आणि गाल टेकवतो. आधी डावा, मग उजवा. कोपऱ्यांपासून सुरू करतो. आतून बादलीवर आपटणाऱ्या मगाचा आणि पाण्याचा आवाज येत असतो, आणि तेवढ्या वेळात होईल तेवढं बघून घ्यायचं असतं.

काल अंघोळ लवकर आटोपली. दार उघडलं तेव्हा मी अर्ध्या गादीपर्यंत आलो होतो. उठायला गेलो. पल्लवी बाळाला टॉवेलात धरून उंबऱ्यात उभी राहिली, माझं बघून होईपर्यंत.